घडीच्या डब्यातला दुसरा ट्रान्झिस्टर

९ जानेवारी, अमरावती
दादाने अकोल्याहून शंकरपटाच्या घडीचा डबा पाठवला, बैलांच्या शर्यतीची वेळ मोजतो तो. एसटीने, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून, वहिनीच्या जुन्या लुगड्यात बाळासारखा गुंडाळून. दुपारी दुकान बंद करून स्टँडवरून घेऊन आले. दुकानात आधीच चार इन्व्हर्टर आणि एक मिक्सर वाट बघतायत, पण घडी म्हटल्यावर ते सगळे मागे.

फोनवर दादा हसत होता. "घडी बिमार पडली वं नलू. भर पटात मधातच थांबली. जोडी अर्ध्या रस्त्यात अन् इकडे लाल दिवा लागला. पब्लिक अशी हासली का इचारू नको."
म्हटलं, डबा उघडला होतास का?
"मी कायले उघडू? तुह्या हातचा माल हाये तो."

महिनाअखेरीला पट समितीच्या अध्यक्षांच्या गावचा शंकरपट आहे. त्याआधी पाहिजे म्हणाला. तिथले अध्यक्ष म्हणजे सगळ्या पटांचे मालकच, ते सांगतील त्याची घडी लागते. झाकणावर दादाने यंदा नवीन रंगवून घेतलंय: "घडीवाले, अकोला." खाली बारीक अक्षरात माझंही नाव. आधी नव्हतं. उगाच बरं वाटलं.

१० जानेवारी
इतकं साधं यंत्र बिघडतं कसं, हेच कळेना म्हणून सकाळी सकाळी बसले. सुरुवातीच्या खांबावर एक डोळा, शेवटच्या खांबावर दुसरा. बैलजोडी पहिल्यापुढून गेली की घडी सुरू, दुसऱ्यापुढून गेली की बंद. मग मंचावरचा, वेळ मोजणारा लॅपटॉप सिरीयल केबलच्या एका तारेवर इशारा करतो आणि बारा व्होल्टचा लाल दिवा लागतो. तो इशारा इतका दुबळा की त्याने काजवाही पेटणार नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. त्याच्या बेस नावाच्या पायाला चिमूटभर करंट दिला की पलीकडून दिव्याला हवा तेवढा मोकळा.

दादाला हे शिकवलं तेव्हा पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं होतं. दोन ढेकळं बाजूला केली की अख्खं पाणी वाफ्यात वळतं, ढेकळांना काही जोर लागत नाही. त्याला एका दमात समजलं. आयटीआयच्या सरांकडून मला दोन महिने समजलं नव्हतं.

डबा उघडला. आत दोन ट्रान्झिस्टर.

मी एकच लावला होता.

१० जानेवारी, संध्याकाळ
दुकान उघडलंच नाही. आई विचारते, बरं नाही का? म्हटलं, डोकं दुखतंय. खोटं नाही ते.

दुसऱ्याच्या तारा धरून धरून गेले. त्याचा बेस केबलमधल्या ज्या तारेला जोडलाय ती मी रिकामी सोडली होती, पुढेमागे काही लागलं तर असू दे म्हणून. आणि त्याचा कलेक्टर, म्हणजे पलीकडचा पाय, शेवटच्या खांबावरच्या डोळ्याच्या तारेवर. म्हणजे तो चालू झाला की ती तार जमिनीला, अर्थला, टेकते. बैल डोळ्यापुढून गेले की नेमकं हेच होतं. घडीला वाटतं, पोचली जोडी. जोडी अजून मागे असते.

लॅपटॉपवर बसलेल्या माणसाने फक्त एक बटण दाबायचं. बैल खांबाच्या जवळ आले की जरासं आधी. दिवाही तेव्हाच लागणार, पण धुरळ्यात, ओरडाआरड्यात, दिवा बैलांच्या नाकाच्या आधी लागला की नंतर, कोण बघतंय? पटात जिंकणं-हरणं एकेका पॉइंटवर, सेकंदाच्या शंभराव्या भागावर असतं.

बंद पडण्याचं कारणही तेच. बेसला उलट्या दाबापासून वाचवणारा उलटा डायोड लावलेला नाही. सिरीयलची तार गप्प असते तेव्हा शून्यावर नसते, उण्या व्होल्टात असते. ते उणं बेसवर रोज बसत राहिलं की ट्रान्झिस्टर आतून कुजतो, आणि मग कोणी बटण न दाबता स्वतःच चालू होतो. तसाच झाला. चोरी करणाराच भर पटात बरळला म्हणायचं.

कोण पण? अकोल्याचा कोणी मेकॅनिक? दादाला फसवून? दादाला सांगायला हवं, त्याच्या नावावर कोण काय

११ जानेवारी
काल लिहिता लिहिता उठले ते डब्याकडेच गेले. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोडावरची काळी टेप सोलली. खाली पांढरं सूत.

बाबांची गाठ.

जुन्या काळी शेवटच्या दोन खांबांत कापसाचं सूत ताणून बांधायचे. बैलांच्या छातीने ते तुटलं की बाबा स्टॉपवॉचवर अंगठा दाबत. वाऱ्याने सुटू नये आणि बैलाला कापू नये, अशी एक गाठ होती त्यांची. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी ओट्यावर बसवून शिकवली होती. तेव्हापासून तारेचा जोड केला की सोल्डरच्या आधी सूत गुंडाळून तीच गाठ मारायची आमची खोड. कुठल्या कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि शिकवूही नये, सूत जळतं, वास येतो. पण हात जातोच. माझा जातो. आणि जगात दुसऱ्या एकाच माणसाचा जातो.

फोन केला. आवाज नीट ठेवला. "दादा, डबा मधे कोणी उघडला होता का रे? आठवून सांग."
"नाई वं. कोन उघडते? कपाटात कुलपात राहते."

लगेच बोलला. जराही अडखळला नाही. याचाच राग जास्त येतोय. लहानपणी खोटं बोलताना कान लाल व्हायचे त्याचे, आईला दुरून कळायचं. फोनवर कान दिसत नाहीत.

माझ्या भावाने माझ्या यंत्रात, माझ्याकडून शिकलेल्या विद्येने, माझं नाव झाकणावर रंगवून चोरी केली. आणि मोडली तेव्हा दुरुस्तीला मलाच पाठवली. हे वाक्य लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन मऊ पडायला लागलं की वाचता येईल.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळीच बाळापूरहून सलीमचाचांचा फोन. बाबांचे जुने दोस्त, दर संक्रांतीला न चुकता करतात. "नलू बेटी, तिळगूळ फोनवरच खा. गोड बोल."

मी त्यांच्या बैलाची, लाखाची चौकशी केली. विचारायलाच नको होतं.

मागच्या हंगामातला शेवटचा पट. चाचांची लाखा-तूफान जोडी आणि अध्यक्षांची जोडी. मी गेले होते बघायला. चाचांची जोडी अशी आली की माणसं खाटल्यांवर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं झालं. मग अध्यक्षांची धावली, आणि घडीने तिला एका पॉइंटने पुढे दाखवलं. कुरबुर झाली. चाचाच मंचावर चढले, पडद्यावरचे आकडे बघितले आणि माईकवर म्हणाले, "मशीन को किसीसे दुश्मनी थोडी है. आमच्याच तूफानमधी कमी हाये." लोक गप्प झाले. मला, मूर्खाला, अभिमान वाटला होता.

त्याच हप्त्यात तूफान विकला त्यांनी. घडीने सांगितलं ना, कमी आहे म्हणून.

आज म्हणाले, "लाखा दुसऱ्याच्या संगं जुपतच नाई बेटी. तीन बैल बदलले. जू खांद्यावर ठेवलं का बसूनच जाते. तूफान कुठं गेला कोन जाने, पार पुसदकडे विकला गेला म्हणतेत. अध्यक्षाच्या पटाले आणतो त्याले, एक नवा गोऱ्हा जोडीले हाये, पाहू."

मी काय बोलले आठवत नाही. तिळगूळ म्हणाले असेन.

१५ जानेवारी
हळदीकुंकवाला तीन ठिकाणी गेले. हसले. एकीने विचारलं, "भाऊ आला नाई का वं संक्रांतीले?" म्हटलं, हंगाम आहे त्याचा.

१८ जानेवारी, अकोला
दादाकडे. न कळवता आले. वहिनीने दारातच ओळखलं की काहीतरी आहे, चहा ठेवून आत निघून गेली ती बाहेर आलीच नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं? ते विचारायची हिंमत झाली नाही.

काढलेला ट्रान्झिस्टर, त्यावरचं सूत तसंच, टेबलावर ठेवला. दादाने तो उचलला, सुतावरून नख फिरवलं. मग हसला. "गाठ सोडाले पायजे होती मीनं." मला वाटलं होतं नाकारेल, भांडेल, मग मी पण भांडीन. हसला!

त्याचं म्हणणं, जसं आठवतं तसं: "घडी आपल्याकडं रायली पायजे का नाई? अध्यक्षानं चहाले बोलावून सांगतलं, जोडी माही, पट माहा, घडी तेवढी दुसऱ्याची काहून? यवतमाळची पार्टी तयारच होती, क्यामेऱ्याच्या घडीवाली. एका पटाले एकच जोडी सांभाळाची, एवढंच. बाकी समदे पट खरे."

"तूफान गेला दादा. चाचांनी घडीवर विश्वास ठेवला म्हणून गेला."
"बैलच गेला ना? मानूस तं नाई गेला."

यावर मी काहीतरी ओरडले. बाबांचं नाव घेतलं, त्यांच्या अंगठ्याची शपथ लोक घेत होते वगैरे. तेव्हा तो उठला, खिडकीशी गेला, आणि पाठ करूनच म्हणाला: "बाबाचा अंगठा तुले लय इमानदार वाटते. तू घरी राहत होती नलू. पोरीबाळींनी पटात जाऊ नाई म्हणत ना तवा. बाजूले मी उभा राहत होतो. सूत तुटल्यावर अंगठा कवा पडते, ते मीनं पाह्यलं हाये."

 हे खरं म्हणून सांगितलं की माझं तोंड बंद करायला? कान बघितले. लाल नव्हते. पण आता पन्नाशीला आलाय, कान शिकले असतील.

निघताना मऊ झाला. डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. म्हणाला, "येवढा एक पट निभाव. दोन्ही दुरुस्त करून दे. त्या दुसऱ्याले तो उलटा डायोड लावाचा राहला माह्याकून, तेवढा लाव." डायोड लाव! चोराने लोहाराकडे जाऊन पहार सरळ करून मागावी तसं. आणि मी काय म्हणाले? "बघते" म्हणाले. आमच्या घरात "बघते" म्हणजे हो.

१९ जानेवारी, अमरावती
आईला विचारलं. सरळ नाही, आडून. बाबा कधी एखाद्या जोडीला झुकतं माप द्यायचे का?

आई वाटाणे सोलत होती. "मले काय इचारतं? मीनं कधी पट पाह्यला? आमाले तं धुरळा पाहाले भेटे, कपड्यावरचा." मग बऱ्याच शेंगा सोलल्यावर: "एकडाव पटावून आले अन् जेवले नाई. दोन दिवस. काहून, ते नाई सांगतलं. मीनं बी नाई इचारलं."

बस. एवढंच. न जेवणं म्हणजे काय झालं? केलं म्हणून जेवले नाहीत, की कर म्हणून कोणी दाबलं आणि केलं नाही म्हणून? की नुसतं पोट बिघडलं होतं? गेलेल्या माणसाला विचारताही येत नाही. दादाने माझं यंत्र खराब केलं ते मी दुरुस्त करू शकते. बाबा खराब केले, ते कसे दुरुस्त करू?

२१ जानेवारी
पर्याय लिहून बघितले आणि खोडले. डबा परत देऊच नये, तर यवतमाळवाले येतील, दादा जन्मभर बोलणार नाही, आणि चाचांना कधीच कळणार नाही. दुसरा काढून टाकून द्यावा, तर तो पुन्हा लावील, यावेळी डायोडसकट. शिकलाय आता. चाचांना सांगावं, तर कुठल्या तोंडाने? झाकणावर माझं नाव आहे.

दादाचा फोन. "झालं का वं?" म्हटलं, करतेय. "तू हायेस म्हनून मले घोर नाई."
फोन ठेवल्यावर रडले. रागाने की कशाने, ठाऊक नाही. लहानपणी सायकल शिकवताना मागे धरून पळायचा, सोडलंय हे न सांगता. ते आठवून पण राग आला, ते वेगळं.

२३ जानेवारी
दुरुस्ती झाली. दोन्ही.

पहिला होता तसा, दिव्याला. दुसरा मोठा लावला, कारण त्याच्यावर आता ओझं जास्त आहे. बेसला रेझिस्टर, उलटा डायोड, सगळं शहाण्यासारखं. रिकाम्या तारेवरचा तोच इशारा, लॅपटॉपवरचं तेच बटण. फक्त कलेक्टर डोळ्याच्या तारेवरून काढला आणि भोंग्याला जोडला. हो, पटातला भोंगा, रस्ता मोकळा करायला मंचावरून हाताने वाजवतात तो; त्याचा करंट याच डब्यातून जातो. बैल त्याला सरावलेले आहेत, बुजणार नाहीत. घडी खरी ती चालत राहील. बटण कोणी दाबलं नाही तर काहीच होणार नाही. दाबलं तर अख्ख्या पटाला ऐकू जाईल, आणि मंचावर भोंग्याच्या बटणाजवळ कोणाचा हात नव्हता, होता तो लॅपटॉपवर, हेही दिसेल.

अंगणात दुकानातला एक भोंगा लावून तपासला. असा बोंबलला की आईच्या हातून ताटली पडली.
"हे काय होये?"
"घडी."
"घडी कईपासून बोंबलाले लागली?"
म्हटलं, आजपासून.

जोडांवर सूत गुंडाळलं. गाठ मारली. हात गेलाच.

२५ जानेवारी
दादाला सांगायचं का?

सांगितलं तर तो दाबणार नाही. पट खरा होईल. लाखाला निदान यावेळी खरं माप मिळेल. आणि दादा वाचेल, अध्यक्षांना काहीतरी थाप मारील, पुढच्या पटाला स्वतः उघडून भोंगा काढील. नाही सांगितलं तर मी त्याच्याशी तेच केलं जे त्याने माझ्याशी केलं. डब्यात गुपचूप एक ट्रान्झिस्टर.

दिवसभर फोन हातात घेतला, ठेवला. शेवटी त्याचाच आला. "दोन्ही केले ना?"
"दोन्ही केले."
"उद्या सकाळी सरळ मैदानातच घेऊन ये. आता तपासत नाई बसत, लोकं राहतेत."
एक शब्द खोटा बोलले नाही. असं खरं मी जन्मात बोलले नव्हते.

२६ जानेवारी, मैदानात
सकाळी
गर्दी. झेंडावंदन उरकून सगळा तालुका इथेच. डबा दादाला दिला. त्याने झाकण उघडलंही नाही, तळहाताने थोपटलं, घोडा थोपटतात तसं. म्हणाला, चहा घेतला का? घेतला म्हटलं. घेतला नव्हता. हे मात्र खोटं.

त्याच्या तोंडावर सांगायला तीनदा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी कोणीतरी आलं.

दुपारी
चाचांशेजारी बसलेय, मंचासमोर, भुईमुगाच्या शेंगा खात. लाखा जुपला! नव्या गोऱ्ह्याबरोबर, बसला नाही. धावला बरा. तूफानसारखा नाही. चाचा पडद्याकडे बघून मान हलवतात: "जो हाये ते हाये. मशीन ने दिया, मंजूर." लाल दिवा नेमका नाकाशी लागला, मी डोळा लावून बघत होते. अजूनपर्यंत सगळ्या जोड्यांना खरं माप. भोंगा फक्त रस्त्यासाठी वाजला, दर वेळी अध्यक्षांच्या पुतण्याने दाबून.

शेवटची जोडी अध्यक्षांची. आणतायत.

दादाने स्वतः माईक घेतला. "मंडळी, कोनाच्या मनात शंका नको. घडी कोनाची? माह्या सख्ख्या बहिनीच्या हातची! थे समोर बसली हाये, पाहून घ्या. इथं खोटं चालत नाई!" माणसं वळून बघतायत. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी टाळी वाजवली.

मंचाच्या पायऱ्या इथून जवळ आहेत. उठले तर पोचेन अजून. कानात सांगायला किती वेळ लागतो.

दादा खाली बसला. लॅपटॉप पुढे ओढला. माझ्याकडे बघून हसला, लहानपणचं. हात बटणावर

चाचा म्हणतात, "लिखती क्या है बेटी? सामने देख, जोडी सुटली."